दोन गोल

मास्तरांनी आपल्याला बघून रस्ता ओलांडला, ही गोष्ट आत्याबाईच्या घशाखाली उतरेना. ओलांडायचाच तर सरळ ओलांडावा; पण हा गृहस्थ आधी थबकला, मग चपलेचा अंगठा तुटल्यासारखं खाली वाकला, आणि तुटला नाही हे कळल्यावर समोरच्या कुलूपवाल्याच्या दुकानात शिरला. साठीच्या उंबरठ्यावर आलेला माणूस, आणि वागणं असं की जणू आत्याबाईच्या अंगणातले पेरू चोरले आहेत.

"कुलूप घ्यायला गेले असतील," सूनबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

"त्याच्या घरात चोरण्यासारखं काय आहे? पुस्तकं? ती तर शाळेनंच कपाटात कोंबून वर कागदाची पट्टी चिकटवली. तीन वर्षं हा माणूस माझ्या दुकानात बसून चहा पितोय. साखर किती हे विचारावं लागत नाही इतका मुरलेला. आणि आज मला पाठ दाखवतो?"

आत्याबाई गल्लीतल्या कुणाच्याच बापाची बहीण नव्हती, पण तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही तिला आत्याबाईच म्हणत. चार शिलाई मशीनचं दुकान तिनं एकटीनं उभं केलं होतं. कुणाचा सदरा दुरुस्तीला आला की ती तो आधी उलटा करून बघायची. वरून सगळेच चांगले दिसतात, म्हणायची, आतली शिवण सांगते शिंपी कसा आहे ते. माणसांनाही ती तसंच बघायची, आणि मग जे दिसलं ते तोंडावर सांगायची. त्यामुळे तिला घाबरणारे पुष्कळ होते. ती कुणाला घाबरते, असं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

ती कागदाला घाबरायची. सही येत होती, मापाचे आकडे येत होते, दुकानांच्या पाट्या थांबून थांबून लागत होत्या. बाकी काही वाचायची वेळ आली की चष्मा घरी राहिलेला असायचा. घर दुकानाच्या वरच होतं, आणि चष्मा तिनं आयुष्यात घेतलेलाच नव्हता.

सात वर्षांची असताना वर्गात एक साहेब आला होता. एकेकाला फळ्यापाशी उभं करून वाचायला लावत होता. तिची पाळी आली तेव्हा साहेबाच्या बुटांचा करकर आवाज कानात इतका भरला की तिला येत होती ती अक्षरंही दिसेनाशी झाली. साहेबानं दोन वेळा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. वहीत तिच्या नावापुढे एक शब्द लिहिला. मंद. बापानं तो शब्द कुणाकडून तरी वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात सुई-दोरा दिला. साहेबाचा चेहरा आता आठवत नव्हता, पण फरशीवर कुणाचे बूट करकरले की अजून तिच्या तळव्यांना घाम फुटायचा.

म्हणून नात पाच वर्षांची झाल्यावर तिनं स्वतः जाऊन तिला सरकारी शाळेत घातलं, आणि पुढच्या वर्षी मास्तरांच्या वर्गात बसवलं. नातीला सगळे मुंगी म्हणत. अंगानं एवढीशी, पण हातातलं काम टोकाला नेल्याशिवाय थांबायची नाही. मास्तर त्या शाळेत सत्तावीस वर्षं जुना पाठ शिकवत होते. जुनी काव्यं पाठ करायची, जुन्या भाषेतलं व्याकरण घोकायचं, आणि सगळ्यात शेवटी वाद घालायचा. त्या वादाचा नियम कडक होता. आधी समोरच्याची बाजू मांडायची, ती इतक्या चांगल्या रीतीनं की समोरच्यानं म्हणावं, मलाही असं सांगता आलं नसतं. मग आपली. पहिलं केलं नाही तर दुसरं बोलायचा हक्क नाही.

आत्याबाईला हा नियम भारी आवडला होता, कारण घरात त्याचा उपयोग व्हायचा. सूनबाईशी वाजलं की मुंगी मधे उभी राहायची आणि म्हणायची, "आधी आईची बाजू सांगते, मग तुझी. पण रडायचं कुणी नाही." आणि दोघींना हसू यायचं.

या वर्षी जुना पाठ बंद झाला. वरून हुकूम आला की सगळ्या शाळांत एकच पाठ, एकाच दिवशी एकच पान. मास्तरांच्या हातात एक जाड पुस्तक दिलं. त्यात मुलांना काय सांगायचं ते शब्दन् शब्द छापलेलं, आणि मधेमधे कंसात, 'थांबा. मुलांकडे पाहा.' मास्तरांनी हे दुकानात वाचून दाखवलं तेव्हा आत्याबाई हसून हसून बेजार झाली. "हसा असं नाही कुठं लिहिलं?" तिनं विचारलं. मास्तर हसले नव्हते. जुना पाठ वर्गात किंवा वर्गाबाहेर शिकवणार नाही, अशा कागदावर त्यांची सही घेतली होती.

तरी आत्याबाईनं गळ घातली. दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून, शाळा सुटल्यावर तासभर. मास्तर आधी नको नको म्हणाले, मग आले, आणि मग रोज येऊ लागले. गेले आठ दिवस ते आले नव्हते. आणि आज रस्ता ओलांडला.

का ओलांडला ते दुपारी कळलं. शाळेचा शिपाई एक लिफाफा देऊन गेला. आत्याबाईनं तो उलटसुलट केला आणि सुनेपुढे टाकला. "वाच. माझा चष्मा वर आहे."

सूनबाईनं वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबली.

"वाच की. घसा बसला?"

"आई, मुंगीला परीक्षेत शून्य मिळालंय."

"कुणाच्या मुंगीला?"

"आपल्या. चाळीस प्रश्न, चाळीसही बाद. तिला संथ गटात टाकणार आहेत. शुक्रवारी यादी बंद होते. मग पुढच्या वर्षापासून तिची शाळा..." सूनबाईनं कागद खाली ठेवला. "दुसऱ्या इमारतीत."

आत्याबाईच्या हातातली कात्री टेबलावर पडली. ती दुसरी इमारत सगळ्या गावाला माहीत होती. पुलापलीकडची, खिडक्या छताजवळ, आतून कुणाला बाहेर दिसू नये अशा उंचीवर. तिथं मुलांना खोकी भरायला आणि लेबलं लावायला शिकवत. दूधवाल्याची मुलगी गेल्या वर्षी तिथं गेली. आधी गल्लीभर गात फिरायची. आता घरात पाणी प्यायचं असलं तरी हात वर करून विचारते, असं दूधवाला सांगायचा, आणि सांगताना पातेल्यात बघायचा.

संथ. मंद. शब्द धुऊन इस्त्री करून आणला होता एवढंच.

मुंगी शाळेतून आली तेव्हा दोघी तिच्यावर तुटून पडल्या. आईनं दप्तर काढून घेतलं, आजीनं हनुवटी धरली. "काय केलंस ग तू? झोपलीस? पेन्सिल हरवली?"

"नाही. मी सगळे सोडवले. वेळ पण उरला."

"मग शून्य कसं?"

"मला काय माहीत? मी तर प्रत्येकाला दोन्ही गोल भरले."

"दोन्ही म्हणजे?"

मुंगीनं जमिनीवर बसून खडूनं चार गोल काढले. चार उत्तरं छापलेली असतात, त्यातल्या एकाचा गोल काळा करायचा असतो. "पण नुसतं आपलं कसं भरायचं?" ती म्हणाली. "सात आठे किती, असा प्रश्न होता. छप्पन्न. पण खाली चोपन्न पण दिलेलं. म्हणजे चोपन्न म्हणणारा कुणीतरी आहे ना? तो सहा नवांच्या घरात शिरलाय. म्हणून आधी त्याचा गोल फिका भरला, आणि मग माझा गडद. कुठलं माझं ते कळावं म्हणून. चाळीसच्या चाळीस तसेच केले. कारणं लिहायला जागा नव्हती, म्हणून कडेनं बारीक लिहिली."

आत्याबाईला इतकं कौतुक वाटलं की तिनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आणि बोटं मोडता मोडताच तिचे हात थांबले. कारण सूनबाई म्हणाली, "कागद यंत्र तपासतं, मुंगे. यंत्राला फिकं आणि गडद कळत नाही."

"मग त्याला कुणी शिकवत का नाही?" मुंगीनं विचारलं.

त्या रात्री कुणाचा डोळा लागला नाही. सकाळी आत्याबाई मास्तरांच्या घरी गेली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून मास्तरांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली.

"मास्तर, मुंगीचं..."

"कळलं मला. यादी शाळेत लागली तेव्हाच कळलं."

"मग गुरुवारी तपासनीस बाई येणार आहेत, त्या कागदात लिहिलंय. तुम्ही एक शब्द सांगा. की हिला असंच शिकवलंय, पोर ठोंब नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"आत्याबाई, माझी सही आहे त्या कागदावर. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. तुम्ही माझ्या घरी येत जाऊ नका. बघतात लोक."

"लोक? इथं तर एक मांजर बसलंय."

"मांजर शेजारच्यांचं आहे," मास्तर म्हणाले, आणि दार लागलं. ते थट्टा करत नव्हते. आत्याबाईनं मांजराकडे पाहिलं. मांजरानं तिच्याकडे पाहिलं. आणि तिलाही, दिवसाढवळ्या, त्या गल्लीतल्या प्रत्येक खिडकीच्या पडद्यामागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायला लागलं. ती घरी आली ती भराभर चालत, मागं न बघता, आणि दुकानात बसल्यावर तिला सुईत दोरा ओवता येईना. सूनबाईनं मुकाट्यानं सुई तिच्या हातातून घेतली.

"आई, गुरुवारी मी जाऊ का?"

"तू कशाला? तू शाळेत शिकलीस. तुला बोलताना शब्द मोजावे लागतील. मला ते मोजताच येत नाहीत."

गुरुवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर खोकी, खोक्यांत कागदांचे गठ्ठे. तपासनीस बाई तरुण होत्या, सर्दीनं नाक लाल झालेलं, बोलता बोलता रुमाल शोधायच्या. वाईट नव्हत्या. हेच आत्याबाईला जास्त भीतीचं वाटलं. वाईट माणसाला चार शब्द सुनावता येतात. ही बाई तर "बसा ना" म्हणाली. बाईंनी खुर्ची ओढली तेव्हा त्यांचे बूट फरशीवर करकरले, आणि आत्याबाईनं नातीचा हात इतका घट्ट धरला की मुंगी म्हणाली, "आजी, माझी बोटं."

खिडकीपाशी मास्तर उभे होते. त्यांना बोलावून घेतलं होतं.

बाईंनी मुंगीचा कागद काढला. सगळा काळ्या-करड्या गोलांनी भरलेला, आणि कडेनं मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं. "असा कागद मी पाहिलेला नाही," बाई म्हणाल्या. "यंत्रानं बाद केला ते बरोबरच. दोन उत्तरं म्हणजे उत्तर नाही. पण फेरपरीक्षेची सोय आहे. अर्जावर कारण लागतं. एक तर आजारपण, नाहीतर चुकीची सूचना. मुलीला कुणी चुकीचं सांगितलं असेल, तर ज्यानं सांगितलं त्यानं तसं लिहून द्यायचं. उद्या यादी बंद होते. म्हणून आजच." त्यांनी नाक पुसलं आणि मास्तरांकडे वळल्या. "वर्गशिक्षक तुम्ही. तुम्ही हिला दोन गोल भरायला शिकवलं?"



मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पटांगण होतं, रिकामं. "नाही," ते म्हणाले. "मी दिलेल्या पुस्तकाप्रमाणे शिकवतो."

"वर्गाबाहेर?"

"नाही."

आत्याबाईनं नातीकडे पाहिलं. मुंगीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तिनं एक पाऊल पुढं टाकलं आणि हात मागं बांधले. वादाला उभं राहताना ती असेच हात बांधायची.

"बाई, मी बोलू?" ती म्हणाली. "आधी सरांची बाजू सांगते. सर 'नाही' म्हणाले, कारण त्यांची एका कागदावर..."

आत्याबाईच्या डोळ्यांपुढं पुढचं सगळं एका दमात उभं राहिलं. ही पोर आता गुरूची बाजू इतकी छान मांडणार, इतकी खरी मांडणार, की त्यात गुरूची मान अडकणार. कागदावरची सही, मागची खोली, कापडाचे गठ्ठे, सगळं बाहेर येणार. मग चौकशी. बाई लिहून घेणार, मास्तर नाकारणार, पोर खोटी ठरणार नाहीतर मास्तर. आणि तोवर उद्या उजाडेल, यादी बंद होईल, आणि मुंगी पुलापलीकडे जाईल. आणि एका माणसाची भाकरी आपल्या तोंडून गेली हे तिला जन्मभर टोचेल.

"गप बस," आत्याबाई ओरडली. इतक्या मोठ्यानं की बाईंच्या हातातला रुमाल खाली पडला. "मोठी माणसं बोलताना मधे तोंड घालायचं नाही. बाई, मी सांगितलं तिला."

"तुम्ही?"

"मीच. परीक्षेला जाताना म्हटलं, एक चुकला तर दुसरा तरी बरोबर येईल. दोन भर. मला काय कळतंय? मी दुसरीतून शाळा सोडली."

मुंगीनं आजीकडे असं पाहिलं, जसं ओळखीच्या घराचं दार उघडल्यावर आत परकी माणसं दिसावीत. "आजी, तू तर..."

"गप म्हटलं ना."

बाईंना सुटल्यासारखं वाटलं. अर्जात 'पालक' असा रकाना होताच. त्यांनी त्यावर खूण केली आणि कागद आत्याबाईपुढे सरकवला. "मग दोन ओळी लिहा इथं. तुमच्या हातानं. मी लिहिलेलं चालत नाही."

"चष्मा..." आत्याबाई म्हणाली, आणि थांबली. 

"मी लिहू?" मुंगी पुटपुटली.

"नाही बाळ, त्यांनीच लिहायला हवं."

आत्याबाईनं पेन घेतलं. तळवे ओले झाले होते. पेन सुईसारखं धरलं तर निसटत होतं, कात्रीसारखं धरलं तर कागद फाटत होता. फळा, करकर वाजणारे बूट, तिसऱ्यांदा न विचारलेला प्रश्न, सगळं येऊन टेबलाभोवती उभं राहिलं. गल्लीतल्या कुणी तिला आजवर लिहिताना पाहिलं नव्हतं, आणि आता खोलीत होते तीन जण. त्यात तिची नात होती. तिनं पहिलं अक्षर काढलं. वेलांटी जोडली. मग पुढचं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली. कागदावर लिहून झालं ते एवढंच: मी अडाणी आहे. दोन गोल भर असं मी सांगितलं. माझी चूक.

शेवटची रेघ ओढल्यावर तिला कळलं तिनं काय लिहिलं होतं. सत्तावीस वर्षं मास्तरांनी जे शिकवलं, दुसऱ्याचं आधी ऐकायचं आणि मग आपलं म्हणायचं, ते आता सरकारी कागदावर एका अडाणी बाईची चूक म्हणून कायमचं नोंदलं गेलं. पुढं कुणी खोकं उघडून बघितलं तर हेच सापडणार. पण शिक्का पडला होता. फेरपरीक्षा पुढच्या बुधवारी.

बाहेर व्हरांड्यात मुंगी तिच्या पदराला धरून चालली होती. 

"आजी, आता एकच गोल भरायचा?"

"एकच."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला. गडद."

"मग दुसऱ्या माणसाचं काय करायचं?"

आत्याबाई पायरीच्या आधी थांबली. बुधवारी पोर एकच गोल भरेल, त्याच्या पुढच्या परीक्षेतही एकच, आणि असं करता करता एक दिवस तिला दुसरा गोल दिसायचाच बंद होईल, आणि त्या दिवशी ती पहिली येईल. दुसऱ्या इमारतीच्या खिडक्यांपेक्षाही हे भयंकर होतं, आणि याला अर्जात रकाना नव्हता.

"मला येऊन सांग," ती शेवटी म्हणाली. "मी ऐकीन."

मागून चपलांचा आवाज आला. मास्तर जवळजवळ धावत येत होते. पायरीपाशी त्यांनी गाठलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि हात जोडले. "आत्याबाई, तुमचे उपकार मी... तुम्ही नसता तर आज माझं..."

आत्याबाईनं मुंगीला फाटकापाशी जाऊन थांबायला सांगितलं. ती गेल्याची खात्री केली. मग मास्तरांकडे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सुनावताना आवाज खाली ठेवला.

"तुमच्यावर नाही केले उपकार, मास्तर. हात खाली करा. भ्यालात, त्याचा मला राग नाही. मी काय शूर आहे? आत पेन माझ्या हातातून निसटत होतं. पण नऊ वर्षांची पोर तुमची बाजू मांडायला उभी राहिली, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी स्वतःला अडाणी लिहीत होते, तेव्हाही खिडकीबाहेरच. शिकवलंत तुम्ही उत्तम, त्यात मी खोट काढणार नाही. माणूस म्हणून मात्र तुम्ही नापास झालात. आणि हा कागद यंत्रानं नाही तपासलेला, मी तपासलाय. फेरपरीक्षा नाही."